पेपरसाठी पैसे भरण्याआधी एवढं करून बघा

उसाच्या ठिबकावरचा किंवा काजूच्या कलमांवरचा संशोधन पेपर सापडतो, गोषवारा वाचून होतो आणि खाली तीस-चाळीस डॉलरची मागणी दिसते. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि गोषवाऱ्यावर भागवतात. शेतीत हे महागात पडतं. गोषवाऱ्यात ‘उत्पादन वाढलं’ एवढंच असतं. प्रयोग कुठल्या मातीत झाला, खताची मात्रा किती होती, किती हंगाम चालला, हे सगळं आतल्या ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात असतं. अथणी-रायबागच्या काळ्या रानातला निष्कर्ष खानापूरच्या तांबड्या, मुसळधार पावसाच्या जमिनीला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यामुळे पेपर पूर्णच वाचायला हवा, आणि बऱ्याचदा तो रीतसर मार्गाने फुकट मिळतो.

सुरुवात डीओआयपासून करा. हा पेपरचा कायमचा क्रमांक. तो नेहमी १० ने सुरू होतो, पुढे टिंब, काही आकडे, तिरकी रेघ आणि मग प्रकाशकाने दिलेला भाग. डीओआय डॉट ओआरजीपुढे तिरकी रेघ देऊन तो चिकटवला की थेट पेपरचं पान उघडतं, मासिकाची साईट बदललेली असली तरी. ‘सापडत नाही’ असं आलं तर आधी क्रमांकाचं शेपूट बघा. संदर्भयादीतून कॉपी करताना शेवटचा पूर्णविराम सोबत येतो, किंवा ओळ तुटली तिथे मोकळी जागा शिरते. क्रमांकच नसेल तर डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या शोधपानावर पूर्ण शीर्षक टाका. एआयने काढून दिलेला संदर्भही याच चाळणीतून काढा. शीर्षक, लेखक, मासिक सगळं खरं वाटतं आणि तसा पेपर कधी छापलेलाच नसतो, असं सर्रास होतं.

डीओआय हाती आला की ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे मोफत प्रत शोधणारं एक्स्टेन्शन बसवून ते पान उघडा. बाजूला हिरवं कुलूप दिसलं तर मोफत प्रत कुठेतरी आहे, त्यावर दाबलं की ती उघडते. कुलूप राखाडी असेल तरी लगेच सोडू नका. गूगल स्कॉलरवर शीर्षक अवतरणचिन्हांत टाका आणि निकालाखालचं ‘सर्व आवृत्त्या’ उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या साठ्यात किंवा त्याच्या स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत तिथे निघते. ही प्रत अनेकदा छपाईआधीची, लेखकाच्या हातची असते. मजकूर जवळपास तोच, पण पानांचे क्रमांक वेगळे. त्यामुळे संदर्भ देताना पानं छापील आवृत्तीचीच द्या. अर्काइव्ह किंवा बायोअर्काइव्ह या छपाईआधीचे पेपर ठेवणाऱ्या साईटवरची प्रत असेल तर ती तज्ज्ञांनी तपासण्याआधीची असू शकते. नंतर छापून आलेल्या पेपरातले आकडे बदललेत का, ते पडताळा.

आपल्या बेळगाव भागावरचं संशोधन शोधताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो गावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत नाव बदललं. त्याआधीचे पेपर ‘बेलगाम’ या जुन्या स्पेलिंगखाली आहेत, नंतरचे बहुतेक ‘बेळगावी’खाली. दोन्ही टाका आणि मध्ये ‘ओआर’ कॅपिटल अक्षरांत लिहा, नाहीतर निम्मं काम दिसतच नाही. निपाणी एका ‘पी’ने आणि दोन ‘पीं’नी, चिकोडी एका ‘के’ने आणि दोन ‘कें’नी, असं दोन्हींकडे बघा. खानापूर टाकलं की सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुकाही येतो. तो नको असेल तर सांगलीच्या आधी वजाचं चिन्ह जोडा. वैद्यकीय पेपरांसाठी पबमेडवर शहराच्या नावाला लागून चौकटी कंसात ‘एडी’ लिहिलं तर लेखकांच्या पत्त्यात ते शहर असलेले पेपर निघतात. इथेही दोन्ही स्पेलिंग लागतात. शहरातली आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची संस्था पूर्वी प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून ओळखली जायची, तेव्हा तिचे जुने पेपर त्या नावाखाली आहेत. डावीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण केली की फक्त मोफत पेपर उरतात.

नाव बदललं की माग कसा सुटतो, याचं नेमकं उदाहरण खानापूर तालुक्यातच आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथलंच माहीत होतं. ओटोमॉप्स रॉटनी हे आजचं शास्त्रीय नाव टाकलं की अलीकडचे पेपर मिळतात, पण मूळ वर्णन हाती लागत नाही. ओल्डफील्ड थॉमस यांनी ते १९१३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात केलं, तेव्हा प्रजातीचं (जीनसचं, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या भागाचं) नाव निक्टिनोमस होतं. मूळ ठिकाणाच्या नोंदीतही बेळगाव दिसत नाही, ‘कॅनरा’ दिसतं. मग उलटं जायचं. नव्या पेपरची संदर्भयादी उघडायची, त्यातला सर्वांत जुना संदर्भ घ्यायचा आणि खंड व पानाचा क्रमांक धरून बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर जायचं. त्या नियतकालिकाचे जुने खंड तिथे स्कॅन करून मोफत ठेवलेत. शंभर वर्षांपूर्वीच्या पेपरसाठी कुणालाही पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पेपर नसला तरी प्रबंध असतो, आणि प्रबंधात तपशील जास्त असतो. इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या सरकारी केंद्राच्या शोधगंगेवर तो प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतो. बेळगाव परिसरावरचं काम एका विद्यापीठात सापडेल असं धरून चालू नका. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्याआधीचं काम धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे, आणि सीमेवरची बरीच मुलं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात, तेव्हा तिथेही बघा. शेतीचे प्रबंध कृषिकोशावर. तिथे धारवाड कृषी विद्यापीठ आवर्जून उघडा.

आता ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. पहिल्या टप्प्यात खासगी कॉलेजं नाहीत, आणि आपल्याकडे बरीच मुलं खासगी कॉलेजांतच शिकतात, ही मोठी उणीव आहे. सरकारी संस्थेत असूनही पैशांची मागणी दिसत असेल तर आधी मोबाईल डेटा बंद करा. प्रकाशक संस्थेचं नेटवर्क ओळखतो, तुम्हाला नाही. आवारात बसून स्वतःच्या सिमवरून उघडलं तर तुम्ही त्याच्या लेखी बाहेरचेच. घरून वाचायचं असेल तर इन्फेडचं, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या बाहेरून वाचण्याच्या सोयीचं, लॉगिन ग्रंथपालांकडे मागा. व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी) संलग्न कॉलेजांत विद्यापीठाच्या कन्सोर्शियममधून, म्हणजे सामायिक वर्गणीतून, काय मिळतं, तेही त्यांनाच विचारा.

साय-हब या पेपर बेकायदा फुकट देणाऱ्या साईटच्या मागे लागू नका. दिल्ली उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने ती भारतात बंद झाली आहे, आणि त्या नावाने काहीही डाउनलोड करायला लावणाऱ्या नकली साईट धोकादायक असतात.

त्यापेक्षा लेखकालाच लिहा. नावापुढे तारांकन किंवा पाकिटाची खूण असते, तो पत्रव्यवहाराचा लेखक. ईमेल चार ओळींचं ठेवा: तुम्ही कोण, पेपरचं शीर्षक आणि डीओआय, कशासाठी हवा, आभार. विषयाच्या ओळीत फक्त ‘मदत हवी’ लिहिलं तर ते उघडलंही जात नाही. तिथे पेपरचं नाव लिहा. पत्ता विद्यार्थी असतानाचा असेल तर ईमेल परत येतं. मग ऑर्किड या संशोधकांच्या नोंदणीच्या साईटवर किंवा विभागाच्या पानावर आताचा पत्ता शोधा. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर दुसऱ्या लेखकाला पाठवा. प्राध्यापक मंडळी सहसा आनंदाने पाठवतात. आपलं काम बेळगावच्या कुणाला तरी हवंय, याचं त्यांना कौतुकच असतं.

मिळालेली प्रत ‘डाउनलोड (७)’ अशा नावाने फोनमध्ये पडू देऊ नका. झोटेरो या संदर्भ जपून ठेवायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये डीओआय टाकला की लेखक, वर्ष, मासिक आपोआप भरलं जातं आणि पीडीएफ त्याला जोडता येतं. फुकटात ३०० एमबी ऑनलाइन जागा मिळते. तेवढी भरली तरी संगणकावरचा संग्रह चालूच राहतो. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: तुमच्या संग्रहातला पेपर पुढे कधी मागे घेतला गेला आणि ती नोंद रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत झाली, तर झोटेरो त्या पेपरवर लाल पट्टी दाखवतो.