तुम्ही विचारलंत म्हणून : गडग्यात सिमेंट का घालत नाही?

गडगा म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत. दर मे महिन्यात तिच्याबद्दल हा प्रश्न येतो. "मिस्त्री, एवढे दगड रचताय, तर मधे जरा सिमेंट टाकलं तर काय बिघडेल? एकदाच काय ते पक्कं होईल." विचारणाऱ्याचा एक पाय बहुतेक वेळा गाडीत असतो, त्यामुळे उत्तर कधी पुरं होत नाही. म्हणून या खेपेला लिहूनच काढतो.

गडगा तुम्हाला दाखवायला नको. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दोन्ही अंगांना तो असतो, कलमांच्या बागेभोवती असतो, परसवाच्या मागे असतो. रेल्वेने आलात तर चिपळूण सोडल्यापासून कणकवलीपर्यंत दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात तोच दिसतो. फोटो समुद्राचे निघतात. गडगा पडला की मगच लोकांना दिसतो, आणि तेव्हा सगळे म्हणतात, सिमेंट नव्हतं ना, म्हणून पडला.

आधी पैशाचं बोलू, कारण प्रश्नाच्या पोटात तो संशय असतोच, की मिस्त्री सिमेंट वाचवतोय. पाच फूट उंच गडगा तळाला अडीच फूट आणि माथ्याला दीड फूट जाड लागतो. म्हणजे सरासरी दोन फूट. चाळीस फूट लांबीला 400 घनफूट, म्हणजे 4 ब्रास दगडकाम. तीच भिंत सिमेंटात नऊ इंची बांधली तर 150 घनफुटांत संपते. चौदा बाय नऊ बाय सात इंचांचे पावणेतीनशे चिरे, म्हणजे जांभ्याचे कापीव दगड, आले की काम झालं. दगड आणि हात गडग्यातच जास्त जातात. दगड हाताशी पडलेला असला तरी दोन जाणकार आणि एक मदतनीस दिवसाला आठेक फूट पुढे सरकतात. एवढ्यात चिऱ्याची भिंत निम्मी उभी राहते आणि मालक खूश होतो.

आता तो दगड. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, कुऱ्हाडीच्या घावानेही तासता येतो. उन्हावाऱ्यात वाळला की त्यातलं लोखंड घट्ट होतं आणि तो कडक होत जातो. म्हणून जुनी माणसं चिरा काढून एक पावसाळा तसाच पडू देत. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात अंगाडिपुरमजवळ हाच प्रकार पाहिला, लोक विटेसारखा कापून वापरतात हे बघितलं, आणि 1807 साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. नाव ठीकच आहे, पण त्या विटेनेच घोळ केलाय. चिरा विटेसारखा दिसतो म्हणून त्याची विटेसारखी भिंत मागितली जाते. वीट सगळीकडून सारखी असते. चिऱ्यातली भोकं कुठे मोकळी असतात, कुठे पिवळ्या-पांढऱ्या मातीने भरलेली. हातोडीने ठोकून बघा, खणखण वाजला तर बाहेरच्या अंगाला लावायचा, बद्द वाजला तर आत भरायला. मातीच्या पोटाचा दगड दर्शनी लावलात तर दोन पावसाळ्यांत माती धुऊन जाते आणि उरते ती जाळी.

रचायची रीत सांगतो, म्हणजे सिमेंट कुठे घालायचं ते तुम्हीच सांगा. पाया फूटभर, किंवा कडक मुरूम लागेपर्यंत. खाली कातळ असेल तर खणायचं काही नाही, फक्त छिन्नीने खरबरीत करून घ्यायचा, नाहीतर पहिला थर गुळगुळीत कातळावर सरकतो. सगळ्यात मोठे दगड तळाला. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी. इथेच नवी माणसं चुकतात. लांब बाजू बाहेर ठेवली की भिंत देखणी दिसते आणि थोड्या दगडांत भरते, पण तो दगड नुसता टेकलेला असतो, त्याला आतून कोणी धरलेलं नसतं. दोन अंगं दोन बाजूंनी चढवायची, मधे डबर, म्हणजे लहान-मोठे फुटके दगड, भरायचं. डबर हाताने बसवायचं, घमेल्याने ओतायचं नाही. मधे माती तर मुळीच नको, ती पाणी धरते, फुगते आणि दोन्ही अंगांना बाहेर लोटते. प्रत्येक दोन फूट उंचीला, तीन-चार फुटांच्या अंतराने, आरपार जाणारा एक लांब दगड. वरच्या दगडाने खालचा सांधा झाकलाच पाहिजे. उभा सांधा तीन थर सरळ गेला की ती चीर उद्याची समजा. दोन्ही अंगं फुटाला सव्वा इंच आत झुकवत न्यायची. फटींत दगडाच्या कपच्या ठोकायच्या त्या आतून. बाहेरून ठोकलेली कपची भिंत बसली की सुटते आणि पाखाडीवर येऊन पडते. माथ्याला जड, सपाट चिरे.

यात कुठेही पाणी अडत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, आलेलं ते पाणी गडग्यातून गळून खाली जातं. पावसात गडग्याच्या पायथ्याशी शंभर ठिकाणी पाणी झिरपताना दिसेल. मुंबईची माणसं म्हणतात, लीक होतोय. होतोय, होऊ दे.

आता मी बांधलेल्या एका सिमेंटच्या भिंतीची गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका उतारावर घराच्या मागे चाळीस फूट जुना गडगा होता. त्याला मधे पोट सुटलं होतं. उपाय साधा असतो, पोट सुटलेला भाग वरपासून व्ही आकारात उतरवायचा आणि पुन्हा रचायचा. मालकांना ती दरवर्षीची कटकट नको होती. त्यांनी गडगा काढून त्या जागी सिमेंटात नऊ इंची भिंत मागितली, पाच फूट उंच, सांध्यांत सिमेंटच्या दर्जा भरून, बाहेरून रंग. मागच्या बाजूला पायासाठी काढलेली मातीच भरून टाकली. गडग्याचा निघालेला दगड पुढच्या अंगणाखाली गेला. आणि या भिंतीला मी हो म्हटलं होतं. पाणी जायला पाइप ठेवू या, असं एकदा बोलून झालं होतं. रंगावर डाग पडतील म्हणून पाइप नकोत, असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा बोलणं झालं नाही.

मे महिन्यात भिंत इतकी सरळ होती की ओळंबा लावून बघावा. मिरगात, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात, काही झालं नाही, तापलेली माती पहिलं पाणी पिऊन घेते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस संततधार लागली. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, एकाच जागी गढूळ पाणी उसळून वर येत होतं. भिंतीचा दर्शनी भाग मात्र कोरडा, म्हणजे पागोळ्यांनी भिजलेला तेवढाच. सगळ्यांना वाटलं, बघा किती पक्की, थेंब येत नाही. खरं तर तोच इशारा होता. एवढा पाऊस मागच्या उतारावर पडतोय आणि पुढे येत नाही, तर तो आहे कुठे?

हिशोब नंतर केला, आधी करायला हवा होता. भिंतीचं एकूण वजन नऊ टनांच्या आसपास. मागे पाणी माथ्यापर्यंत साचलं तर चाळीस फुटांवर त्याचा एकूण रेटा होतो साधारण 14 टन, आणि तो पायापासून वीस इंचांवर ढकलतो. मातीचा रेटा वेगळाच. पाणी अर्ध्या उंचीला असेल तर रेटा निम्मा नाही, चौथाई होतो, साडेतीन टन, तोही दहा इंचांवरच. नऊ टनांची भिंत नऊ इंचांच्या पायावर उभी, म्हणजे तिचं वजन तिला सावरतं ते पुढच्या कडेपासून साडेचार इंचांवरून. गुणाकार केलात तर कळेल की पाणी अडीच फुटांपर्यंत असताना ती कशीबशी तोलून होती. त्यापुढे प्रत्येक इंच तिच्या विरुद्ध होता.

तिसऱ्या रात्री ती पडली. दगड सुटून पडले नाहीत. सिमेंटने त्यांना एकमेकांशी बांधलं होतं, म्हणून चौतीस फुटांचा एकच पत्रा आडवा झाला, मागची सगळी माती घेऊन. अंगणातली तुळस, धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी गाडली गेली. माणूस कोणी तिथे नव्हतं, कारण पाऊस होता आणि रात्र होती. सकाळी सहाला त्याच दगडावर रोज कोणी ना कोणी बसतं. सिमेंटचे सांधे बहुतेक शाबूत होते. चिरे सोडवायला घण लागला, आणि निम्मे त्यात फुटले. गडगा पडतो तेव्हा चार-पाच हातांचं खिंडार पडतं, दगड तिथेच असतात आणि दुपारपर्यंत पुन्हा वर चढतात.

त्या वर्षानंतर सिमेंटाचं नाव काढलं की मी चिडत असे. दोन वर्षं प्रत्येकाला सांगितलं, गडगाच बांधा, बाप-आज्यांना अक्कल होती. आता ते बोलणं आठवलं की थोडी लाजच वाटते. बाप-आज्यांना अक्कल होती तशी मे महिन्यात घरात सात माणसंही होती. गडगा दरवर्षी मागतो. मिरगाच्या आधी दोरी लावून पोट बघायचं. पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेला पिंपळ-उंबर बोटाएवढा असतानाच काढायचा. मनगटाएवढा झाला की उपटू नका, बुंध्याशी कापा, उपटलात तर हातभर गडगा सोबत येतो. वानर माथ्यावरून धावले की चिरे ढकलले जातात. गुरं अंग घासतात. हे सगळं कोण करणार, बंद घराचं कुलूप? तेव्हा "गडगाच बांधा" म्हणणाऱ्या मला विचारायला हवं होतं, आणि बघायचा कोणी?

फुरशांचंही खरं आहे. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप भरपूर, आणि गडग्याची फट त्याला घरासारखी. दगड उतरवताना आधी पहारीने हलवायचा, मग हात घालायचा, हे न पाळता कामाला लागलेला माणूस मी गडग्याजवळ उभा करत नाही. तुमची लहान मुलं अंगणात खेळत असतील आणि तुम्हाला घरालगत फटी नको असतील, तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि हद्दीचं. उतारावरचा गडगा पडतो तो नेहमी खालच्या अंगाला. रचणारा आळशी असला की दगड पडले तिथूनच पाया धरतो. दहा-बारा पावसाळ्यांत वरच्याची जमीन वीतभर वाढते. खालच्याला वाटतं चोरी केली, आणि मग तारखा पडत राहतात. सिमेंटची भिंत सरकत नाही, हा तिचा गुण मी कबूल करतो.

सिमेंटात बांधायचीच असेल तर असं करा. उंची तीन फुटांच्या वर जात असेल तर नऊ इंची भिंत विसरा, तळाला निदान उंचीच्या निम्मी जाडी ठेवा. पायाच्या वर पाव-अर्धा फुटावर पहिली ओळ, चार-चार फुटांवर तीन इंची पाइप, पुढे उतार देऊन. वरची ओळ दोन-अडीच फुटांनी, खालच्या पाइपांच्या मधोमध. मागे फूटभर रुंदीत डबर आणि खडी, तळापासून माथ्यापर्यंत, मग माती. हे डबर नसेल तर पाइप पहिल्याच पावसात गाळाने बुजतो, आणि मग तो असून नसल्यासारखा. रंगावर डाग पडतील. पडतातच.

तेवढं करूनही तुम्ही विचाराल, म्हणजे मग गडगा बरा की भिंत? तुम्ही मे महिन्यात इथे असता का, ते आधी सांगा.

त्या राजापूरच्या घरामागे आता खाली तीन फूट सुका गडगा आहे आणि त्यापासून चार फूट मागे, वरच्या टप्प्यावर, दोन फुटांची सिमेंटची भिंत, चार पाइप ठेवलेली. मालकांनी या खेपेला रंगाचा विषय काढला नाही. परवाच्या सरीत चारपैकी तिघांतून धार लागली होती, चौथ्यातून थेंब नाही. सळई घालून बघायला हवा.