ताशी चार मैल

कालवा आणि प्रवास या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. कालव्याला आवर्तन सुटतं, पाळीवरून भांडणं होतात, उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबतात आणि आया काठावरून ओरडतात. त्यातून कुणी गावाला जात नाही. त्यात आमच्या ह्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. मँचेस्टरच्या लेकीनं "बाबा, यंदा आपण कालव्यात राहायला जायचंय" असं सांगितलं, तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न केला, "डिस्चार्ज किती?" म्हणजे सेकंदाला पाणी किती वाहतं.

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या लँगॉलेन कालव्यातली आमची होडी, म्हणजे तिकडची नॅरोबोट, जेमतेम 7 फूट रुंद. चाळीच्या बोळात संसार मांडावा तसं आत सगळं एकापुढे एक: शेगडी, मोरी, टेबल, पलंग. मी पोहे परतत असताना कुणाला मागे जायचं असेल तर दोघांनीही पोट आत घ्यायचं. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरनं लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून होडीला वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, अरुंद ठेवली, म्हणून होड्याही अरुंद झाल्या. लॉक लहान असलं की बांधकाम कमी लागतं आणि दर खेपेला पाणीही कमी जातं. ह्यांना हा हिशेब एकदम पटला.

सकाळीच न्यू मार्टनची दोन लॉक लागली. चढावर जाताना होडी रिकाम्या लॉकमध्ये घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि वर येऊन पुढची झडप उघडायची. त्यासाठी विंडलास नावाचा काटकोनी लोखंडी हँडल असतो. तो खुंटीवर बसवून फिरवला की दात्यांच्या पट्टीवर खट्‌खट् करत झडप वर सरकते आणि खालून पाणी उसळतं. दरवाजाला लाकडाचा लांबलचक दांडा. त्याला पाठ टेकून, पाय रोवून मागे मागे रेटायचं. पाणी दोन्ही बाजूंना सारखं होईपर्यंत दरवाजा जागचा हलत नाही, मग तुम्ही कितीही जोर लावा. जावई म्हणाले, "आई, तुम्ही नुसत्या टेकून उभ्या राहा, तो आपणहून निघेल." खरंच निघाला.

कालव्यात वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, आणि तेवढाही बहुधा गाठायचा नाही. लाट उठली की काठ ढासळतो. बांधून ठेवलेल्या होड्यांजवळून तर इंजिन नुसतं धुगधुगतं ठेवायचं, नाहीतर आत कुणाचा चहा सांडतो आणि खिडकीतून डोकं बाहेर येतं. शिवाय सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे वळते, तीही जरा विचार करून. काठावरून कुत्रा फिरवणारे एक आजोबा आमच्या बरोबरीनं चालत होते. गप्पा मारता मारता ते पुढे निघून गेले.

चर्कला दरीवरून जायचं. कालव्याचा हा पूल 1801 चा, आणि त्याला अगदी खेटून, त्याहून उंच, रेल्वेचा पूल. आम्ही मध्यावर असताना वरून गाडी गेली, आम्ही दहा हात सरकायच्या आत. मला त्या कालव्याची गंमत वाटली. आज निवांतपणा हवा म्हणून लोक इथे येतात, पण तो खणला होता घाईसाठीच! रस्त्यावर एक घोडा एखाद-दोन टन ओढायचा. तोच घोडा काठावरून होडी ओढायला लागला की पंचवीस-तीस टन माल हलायचा. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर त्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा अजून आहेत. माझं बोट सहज आत गेलं.

पाँटकसिल्ते जलसेतूबद्दल लोक फार बोलतात, आणि बोलावं असाच तो आहे. टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांनी 1805 मध्ये पुरा केलेला, 307 मीटर लांब, खाली 38 मीटरवर डी नदी. लोखंडी कुंडातून होडी जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला कुंडाची वीतभर उंच कड, बस्स. मी आत जाऊन भांडी घासली.

पुढे लँगॉलेनपर्यंत कालवा इतका चिंचोळा होतो की समोरून कुणी येत नाही ना, हे बघायला लेकीला काठावरून पुढे पळवलं. समोरून पाण्याला ओढही होती. ह्यांनी ती सकाळीच हेरली होती. हे वाहतं कशाला, हा प्रश्न दिवसभर त्यांच्या मनात.

उत्तर संध्याकाळी मिळालं. 1944 मध्ये हा कालवा वाहतुकीला कायद्यानं बंद झाला होता. बुजवला नाही, कारण डी नदीचं पाणी यातूनच हर्ल्स्टनच्या तलावाकडे जात होतं. आजही चेशरमधल्या लोकांच्या नळाला ते येतं. म्हणजे होड्या राहिल्या त्या पाणीपुरवठ्याच्या कृपेनं.

"अगं, हा तर फीडर कॅनॉल, तलावाला पाणी पुरवणारा!" हे म्हणाले आणि त्यांची चाल बदलली. तिकडे जूनमध्ये नऊ वाजले तरी उजेड असतो. काठाकाठानं चालत आम्ही हॉर्सशू फॉल्सला गेलो. तिथे टेलफर्डनं नदीला घातलेला अर्धगोल बांध आहे, आणि बाजूला पाणी मोजायची छोटी इमारत. लेक-जावई बांधाचे फोटो काढत होते. हे त्या इमारतीच्या बंद खिडकीला नाक लावून, दोन्ही तळव्यांनी उजेड अडवून आत बघत होते.

"बाबा, चला ना, भूक लागलीय."

"तुम्ही व्हा पुढे. मला जरा रीडिंग दिसतंय का बघू दे."