नाही, अजून नाही सापडलं

लग्नात, मुंजीत, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, "मग, सापडलं का तुमचं डार्क मॅटर?" नाही. दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणाची ओढ जाणवते असं ते द्रव्य, आणि मी ते शोधणाऱ्यांपैकी एक. एकदाचं लिहूनच टाकते.

पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आहे कशावरून?" आणि मी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनपासून सुरू करते, १९७० साल, देवयानी दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, कडेकडेला फिरण्याचा वेग कमी व्हायला हवा होता तो झालाच नाही, म्हणजे न दिसणारं काहीतरी ओढतंय वगैरे. कोणीतरी हुशार म्हणतं, गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकत असेल. अहो, मिलग्रोम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्येच ते मांडलंय, एकेका दीर्घिकेत छान जुळतं, दीर्घिकांच्या समूहांत गडबडतं. हे मी जरा चिडूनच सांगते, कारण कधीकधी मलाही तीच शंका येते.

पीएचडीचं चौथं वर्ष. डार्क मॅटरचा कण पकडायला द्रवरूप झेनॉन वायूची टाकी, वरून येणारे कॉस्मिक किरण अडावेत म्हणून खोल जमिनीखाली. एखाद्या कणाने झेनॉनला धक्का दिला की आधी बारीक चमक, मग मोठी, अशी जोडी म्हणजे एक इव्हेंट, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून कळतं की नेहमीचा गॅमा किरणांचा कचरा आहे का दुसरं काही. माझ्या नाइट शिफ्टला एक इव्हेंट आला, टाकीच्या मधोमध, गुणोत्तर डार्क मॅटरला हवं तसं बरोब्बर. आता, डेटात मुद्दाम खोटे इव्हेंट मिसळलेले असतात, आम्ही हवं तेच बघू नये म्हणून, त्याला सॉल्ट म्हणतात आणि खोटे कुठले ते शेवटी कळतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी कराडला फोन केला. बाबांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पेढे वाटले.

काही महिन्यांनी खोट्यांची यादी उघडली. माझा इव्हेंट मीठ निघाला.

बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याच माणसांनी टाकलेला?" म्हटलं हो, तशीच पद्धत आहे. "बरं." त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. बाकी सगळं जग विचारतं.

तेव्हा मी ठणकावून सांगायचे, न सापडणं हाही रिझल्टच, तेवढ्या शक्यता बाद झाल्या. खोटं नाहीये ते. २०२४ मध्ये एलझेड या झेनॉनच्याच मोठ्या प्रयोगानेही सात टनांची टाकी आणि २८० दिवसांच्या डेटानंतर हेच सांगितलं. पण हल्ली ते वाक्य बोलताना माझा आवाज माल परत न घेणाऱ्या दुकानदारासारखा येतो.

पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, अर्ज टाकलाय, परत झेनॉनच. घरी अजून बोलले नाहीये.