तानसाची चढण: तिसऱ्या पावसाळ्याची वही

मंडळी, पहिल्या पावसात अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्याला वलगण म्हणतात. तानसा नदीकाठची ही चढण मी दर पावसाळ्यात मोजतो, आणि या मोसमातला पहिला मासा वहीत उतरला. मृगाचा दुसरा आठवडा, रात्रीचे पावणेदहा, वज्रेश्वरीच्या अलीकडचा एक ओढा. (नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, कारण तिथे जाळं लागायला वेळ लागत नाही.)

मासा म्हणजे बोटभर लांबीचा मळ्या. पाणी पडतं त्या दगडाच्या कडेला, ओल्या शेवाळावर पोट टेकून चिकटला होता. मळ्याच्या तोंडाखाली एक चकती असते, तिच्या जोरावर तो दगड धरून राहतो. बराच वेळ निपचित, मग शेपटीचा एक झटका, दोन बोटं वर, पुन्हा निपचित. हातभर उंचीची ती पायरी चढायला त्याला अकरा मिनिटं लागली. वर पोचल्यावर क्षणभर थांबला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. एवढं बघायला विरार लोकल, पुढे एसटी आणि रात्रभर ओले कपडे, तरी मी दर वर्षी जाईन.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. तानसा धरण १८९२ सालचं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत वस्त्यांना खेटून जाणारे ते जाडजूड नळ याच तलावाचं पाणी आणतात. मुंबई महापालिकेचा रोजचा तलावांचा आकडा लोक पाणीकपातीच्या धास्तीने बघतात, मी तो माशांसाठी उतरवून घेतो. तानसा काठोकाठ भरतो १२८.६३ मीटरला. २०२३ साली तो २६ जुलैला भरून वाहिला, २०२४ साली २४ जुलैला. आणि वलगण लागते जूनमध्ये, पहिल्या दणदणीत पावसाला. मधले हे पाच-सहा आठवडे धरणाच्या वरचं सगळं पाणी धरणच पिऊन टाकतं. खालच्या नदीला मृगाचा पूर मिळतच नाही.

मोजणीची शिस्त मी ट्राउट हा थंड पाण्यातला मासा मोजणाऱ्यांकडून घेतली. नॉर्वेत लॉगेन नदीवर हुंडरफॉसनचं धरण आहे. म्योसा तलावातले मोठाले ट्राउट अंडी घालायला तिथून वर चढतात, आणि धरणाच्या मत्स्यसोपानातच (माशांना चढून जायला बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्यांत) त्यांना धरून मोजतात, मापतात, सोडतात. तीच जागा, तीच पद्धत, वर्षानुवर्षं. आपल्याकडे सोपान नाही, पण जागा आणि वेळ तर पाळता येते. म्हणून ओढ्याच्या पायरीवर आणि मुख्य नदीतल्या छोट्या बंधाऱ्यावर आळीपाळीने, दहा-दहा मिनिटं उड्या आणि चढाया मोजायच्या. पाण्याचं तापमान घ्यायचं. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. मासा हातात घ्यायची वेळ आलीच तर हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

पण ट्राउटचं एक गणित इथे चालत नाही. त्याची अंडी गोट्यांखाली अख्खा हिवाळा काढतात. आपले खवले मासे गवताच्या उथळ पाण्यात अंडी टाकतात आणि ती एखाद्या दिवसात फुटतात. पिल्लांना लगेच भातखाचरांचं उबदार, स्थिर पाणी लागतं. सहा आठवडे उशिरा आलेला पूर त्यांच्या काय कामाचा?

आता त्या रात्रीचे आकडे. बंधाऱ्यावर पाणी ३० अंश, नितळ, तिन्ही वेळा शून्य. ओढ्यावर २६ अंश, चहासारखं गढूळ. पहिल्या दहा मिनिटांत तो एक मळ्या, साडेदहाला सात मासे, सव्वाअकराला एकेचाळीस. त्यात मळ्ये, खवले आणि दोन शिंगट्या. मरळ एकही नाही. तिन्ही पावसाळ्यांत हेच चित्र आहे: जूनमध्ये मासा नदी सोडून ओढे धरतो. माझ्या लेखी आता तानसाच्या खालच्या अंगाचे हे चार-दोन मोकळे ओढेच खरी नदी आहेत.

वस्तीतले एक म्हातारबाबा शेजारी येऊन बसले होते. मी तापमान बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "दादा, धरनाच्या पान्याला मासा चढत नाय. त्याला नव्या पान्याचा वास लागतो." माझ्या तीन वर्षांच्या वहीत याहून जास्त काही नाही.

जिवाला लागलं ते परतताना. खालच्या वळणावर कुणीतरी ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं जाळं ताणलं होतं. वलगणीचे मासे खाण्याला माझा विरोध नाही, गाबोळीची चव मलाही ठाऊक आहे. पूर्वापार पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे लोक आहेत, त्यांच्या हातून अर्धे मासे निसटतात आणि तेच पुढल्या वर्षी परत येतात. पण अख्खा ओढा बंद केला की वर एकही जात नाही. म्हातारबाबांच्या नातवाने जाऊन एक टोक सोडवलं.

आर्द्रेत पुन्हा जाणार आहे, आणि तलाव भरून वाहिला की त्याच रात्री बंधाऱ्यावर. ती मोजणी दोन वर्षं एकट्याने केली आणि दोन्ही वेळा घड्याळ बघताना उड्या हुकल्या. कुणीतरी सोबत हवंय, एकाने पाण्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने वेळ सांगायची.