काहो ताई, दार काहून लावलं?

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत पत्रा घासल्याचे आवाज सुरू होतात. पावसाळा-हिवाळा जिन्याखाली नाहीतर गच्चीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढायच्या, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसायचं, टाकीच्या तळाचा गंज खरवडून त्यावर रंगाचा हात मारायचा, पंप पाणी चढवतो का ते बघायचं. मग नवं गवत, ऐपत असेल तर वाळा, भरून तो अवाढव्य पेटारा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवायचा. चढवायला चार माणसं लागतात. त्यामुळे त्या आठवड्यात गल्लीतली पुरुषमंडळी एका घरातून दुसऱ्या घरात नुसती फिरत असतात, आणि चहाचा हिशोब कोणी ठेवत नाही.

आम्ही नागपुरात आलो जून २०१७ मध्ये, नवऱ्याच्या बदलीमुळे. घर मानेवाडा रोडच्या आत, एका लेआउटमध्ये. पुढच्या उन्हाळ्यात मी शहाणपणा करून प्लास्टिकचा लहानसा कूलर आणला, खोलीच्या मधोमध ठेवला आणि दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. गार हवा बाहेर जायला नको! तासाभरात खोलीत आमच्या कोकणातला जुलै अवतरला. भिंती ओल्या, चादरी ओल्या, मुलगा घामाघूम. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दार ढकललं. वाजवलं नाही, ढकललं.

"काहो ताई, दार काहून लावलं? हवेले निघाले जागा द्या ना बाप्पा! अशी बंद करून ठेवली तर कूलर काय करून राहील?"

त्यांनी कूलर स्वतःच ओढत खिडकीशी नेला, त्याची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे केली आणि समोरचं दार सताड उघडून दगड लावून ठेवलं. दहा मिनिटांत खोली गार. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजीवरचं झाकण उचलून विचारलं, "हे काय केलं? नारळ घातला वाटते."

इथे मला माझ्या गावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या उचललेल्या झाकणाचा मला केवढा धक्का बसला ते कळायचं नाही.

मी रत्नागिरीकडची. पावस गावाच्या अलीकडे आमची वाडी आहे. चौदा घरं, प्रत्येकाभोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आणि गडग्यांच्या मधून खाली उतरत जाणारी पायऱ्यांची पाखाडी. आमच्याकडे माणूस आला की आधी बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, खाकरतो. मग "आहात का घरात?" मग अंगणात उभा राहतो. "या" म्हटलं की पडवीत टेकतो. पुढे माजघरात कोण येणार आणि कोण नाही, हे कोणी सांगत नाही आणि कोणी चुकतही नाही. विचारायचं असेल ते गोल फिरून विचारायचं. मुलीचं लग्न ठरलं का, हे जाणून घ्यायचं असेल तर "यंदा घराला रंग काढणार वाटतं" इथून सुरुवात.

काकूंनी पहिल्या आठवड्यात मला विचारलेले प्रश्न असे: साहेबांना किती पगार भेटते, एकच पोट्टं काहून, सासू कुठे राहते, तुमच्यातच राहत नाही काहून. शेवटच्या प्रश्नावर मी रात्री नवऱ्याशी भांडले. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. "तिला नाक खुपसायचा काय अधिकार" वगैरे बरंच बोलले. आता वाटतं, कोकणात मला हे कोणी विचारलं नाही त्याचं कारण सभ्यता एवढंच नव्हतं. आमच्या तीन पिढ्यांचं सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं, मग विचारायचं काय? नागपूरकर निदान तोंडावर विचारतो.

भाषेचे घोटाळे झाले ते सगळ्यांचेच होतात, त्यावर फार लिहीत नाही. भाजीवाल्याने "सांबार देऊ का" म्हटल्यावर मी "पातेलं आणलं नाही" असं उत्तर दिलं होतं. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. कढीपत्ता म्हणजे गोडलिंब, शेंगदाणे म्हणजे फल्ली, बटाटेवडा म्हणजे आलुबोंडा, आणि पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री. पोहे म्हणजे दडपे, ओलं खोबरं आणि वर लिंबू, अशा संस्कारात वाढलेल्या माणसाने पहिल्यांदा तर्री-पोहे खाताना शेजारी पाणी घेऊन बसावं.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्याकडची पोरं "मॅडम, मी करून राहिली ना" म्हणतात, मध्येच हिंदीत शिरतात, परत येतात. आधी मी सुधारायला जायची. एकदा काकूंच्या सासऱ्यांनी त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवलं, १९५४ चं. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे हे गृहस्थ घर न बदलता तीन राज्यांत राहिले. "आमी हिंदीत बोललो तर तुमाले राग काहून येते?" असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. तेव्हापासून मी फक्त गणितं सुधारते.

पत्त्याचीही गंमत. इथे घराला नाव असलं तरी वापरत नाहीत. प्लॉट नंबर, लेआउट, आणि मग कोणता तरी चौक. आमच्या वाडीत नंबर ग्रामपंचायतीच्या पाटीवर असतात, पोस्टमनसुद्धा बघत नाही. "वरचं घर", "विहिरीकडचं घर", "फणसाखालचं घर". फणस पडून बारा वर्षं झाली.

२०१९ च्या मे महिन्यात आईला नागपुरात आणलं. लोकांनी वेड्यात काढलं. नागपूर सोडून लोक मे महिन्यात बाहेर जातात, तुम्ही आणता? पण वडील गेल्यापासून ती वाडीत एकटी होती आणि पावसाआधी निदान महिनाभर तरी माझ्याकडे राहावी असं मला वाटत होतं. पंचेचाळीसच्या वर पारा. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. बाई असो की पुरुष, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून दरोडेखोरासारखे स्कूटरवरून जातात. काकूंनी आईच्या कमरेला एक कांदा खोचून दिला, लू लागू नये म्हणून. आईने तो दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी आमटीत घातला.

आई सुरुवातीचे दिवस खिडकीशी बसून "शी, काय हा उजेड" एवढंच म्हणायची. मग एक दिवस तिने धुतलेलं लुगडं गच्चीवर टाकलं आणि खाली येऊन चहा घेतला. पुन्हा वर गेली तर लुगडं कडकडीत वाळलेलं. परत खाली आली ती डोळे मोठे करून. ज्या बाईने पन्नास पावसाळे चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवले, चार-चार दिवसांनी कुबट वासाचे घडी केले, तिच्या दृष्टीने हा चमत्कार होता. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; नागपुरात हजार-अकराशे. दुसऱ्या दिवशी तिने गावाहून आणलेल्या पेटीतले जास्त पिकलेले हापूस पिळले आणि ताटांना तूप लावून साटं, म्हणजे आंबापोळ्या, घातली. घरी एका साटाला चार-पाच दिवस लागतात, रोज एक थर, मध्ये ढग आला की ताट घेऊन पळापळ. इथे संध्याकाळी थर सुटून आला. आईने तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला. "अगो, हे ऊन फुकट जातंय यांचं!"

मग काय. काकू, त्यांच्या जाऊबाई, समोरच्या वहिनी, सगळ्या पहाटे पाचला गच्चीवर. यांच्या कुरडया आणि मुंगवड्या, आईची साटं आणि फणसाच्या पोळ्या. उन्हं चढायच्या आत खाली. काकूंनी बैगनफल्ली आंब्याचं साट घालून पाहायला सांगितलं तेव्हा आईने असा चेहरा केला, जसा काही कोणी देवघरात चप्पल घालून आला. पण घातलं. आणि खाल्लंही, मी पाहिलं.

पंचवीस मे उजाडला. "आजपासून नवतपा," काकू म्हणाल्या. नऊ दिवस सगळ्यात कडक. आईने बोटं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे रोहिणी लागल्या." एकच नक्षत्र. इथे त्याच्या नावाने माणसं घरात कोंडून घेतात, तिकडे आमच्याकडे धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत, भाताचा पेरा करायची घाई असते. त्या रात्री आईला झोप लागली नाही. गच्चीवर अंथरुणं घातली होती, आजूबाजूच्या सगळ्याच गच्च्यांवर माणसं, कोणाचा तरी रेडिओ, कोणाचं तरी बाळ. ती कठड्याशी उभी राहून मोजत होती. "वीस घरांत माणसं आहेत गो," म्हणाली. "वीसच्या वीस."

आमच्या चौदातल्या पाच घरांत दिवा लागतो. बाकी कुलपं. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, वाडी भरते, आरत्यांना या घरातून त्या घरात अख्खी वाडी जाते, टाळ-मृदंगाने माजघर दणाणतं. कोकणातल्या शेजाराबद्दल हळवं होऊन लिहिणारे बहुतेक लोक याच दिवसांत तिथे गेलेले असतात. मीही लिहिलं आहे पूर्वी. ऑगस्टातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला वीज गेली की पाखाडीवर काय आवाज येतो, ते आईला विचारा. पन्हाळीतलं पाणी आणि बेडूक.

आणि त्या पाचातल्या एका घराशी, वरच्या घराशी, आमचा अबोला. लहानपणापासून बघत आले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. वरची काकी आरतीला येते, प्रसाद पायरीवर उभ्याने घेते, चहाला थांबत नाही. आमची आई त्यांच्याकडे जाते, तेच करते. वडील गेले तेव्हा वरचे काका सगळ्यात आधी आले, लाकडं त्यांनी फोडली, दहा दिवस पिठलं-भात त्यांच्याकडून आला. बाराव्याला जेवून गेले आणि पुन्हा अबोला. कशावरून, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत.

परवाच्या दिवाळीनंतर काकूंना आमच्याबरोबर कोकणात नेलं. नागपूर-मडगाव गाडीने, जवळजवळ दिवसभराचा प्रवास. त्यांनी डब्यातल्या सगळ्यांची माहिती काढून होईतो रत्नागिरी आलं. समुद्र पाहिला, "बम पाणी आहे" म्हणाल्या, पाय ओले केले, विषय संपला. माणसं बघायची होती त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पाखाडी चढून वरच्या घरात. बेड्याशी खाकरणं वगैरे नाही. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी चहाचा कप हातात घेऊन गडग्याशी उभी, आणि वरून काकूंचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकू येईलसा:

"काहो, तुमचं न् खालच्यांचं काहून जमत नाही?"

मला वाटलं, संपलं. आता काकी आत जाऊन दार लावून घेणार. पण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि मग काकी बोलायला लागली. पाऊण तास बोलत होती.

काकूंनी खाली येऊन सगळा वृत्तान्त दिला. तीस वर्षांपूर्वी विहिरीचा गाळ काढला तेव्हा गड्यांची मजुरी माझ्या वडिलांनी एकट्याने भरली आणि तसं चारचौघांत बोलून दाखवलं. वरच्या काकांनी दुसऱ्या दिवशी अर्धे पैसे मुलाच्या हाती पाठवले. वडिलांनी ते परत पाठवले. तीनशे चाळीस रुपये. काकांना तो अपमान वाटला. वडिलांना वाटलं, पैसे पाठवले हाच अपमान. दोघे वाट बघत राहिले.

आई हातातले वाल सोलायची थांबली. "पैसे पाठवले होते त्यांनी? हे मला बोलले नाहीत कधी."

"तुम्ही विचारलं का?" काकू म्हणाल्या. "तिकडे त्या बी तेच सांगून राहिल्या. कोणी कधी विचारलंन नाही, म्हणे."

त्यावर आई काही बोलली नाही. वाल पुन्हा सोलायला घेतले. त्या दिवशी वर कोणी गेलं नाही, खाली कोणी आलं नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा खाली रस्त्याला उभी होती, आम्ही सामान उतरवत होतो. वरची काकी गडग्याच्या पलीकडे आली. हातात आमसुलांची पिशवी, दोन किलो तरी असावीत, तोंड सुतळीने बांधलेलं. आई तिच्यापासून तीन हातांवर उभी होती. काकीने पिशवी आईच्या डोक्यावरून पुढे केली आणि नागपूरच्या काकूंच्या हातात दिली.

"यातली अर्धी हिला द्या," म्हणाली. "हिची संपली असतील."