पहिल्या मीटिंगला येताना

आज आमच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला एक नवीन माणूस बराच वेळ दारातच घुटमळत उभा होता. शेवटी आत आला, बरं वाटलं. अशांसाठीच हे लिहितोय.

या मीटिंगा बहुतेक वेळा चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात भरतात. बाहेर मोठा बोर्ड क्वचितच असतो. म्हणून आधी फोन करून वेळ, जागा, भाषा विचारून घ्या. मीटिंग ओपन की क्लोज्ड, हेही विचारा. ओपनला बायको-भाऊ सोबत चालतात, क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत, तेही तितकेच गरजेचे.

फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. एकजण बोलताना मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. तुमची पाळी आली आणि धीर होत नसेल, तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, पुरे. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवीन माणसाने काही टाकायलाच हवं असं नाही. निघताना दोघातिघांचे नंबर मात्र घ्याच. तलफ आली की फोन करायचा तो ग्लास उचलायच्या आधी. नंतर उपयोग नाही.

आणि हे नीट वाचा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आधी डॉक्टर गाठा, मीटिंग त्यासोबत. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

एक गट जमला नाही, तर दुसरा बघा.