काखेतला डिओ आणि सात ठिपके

"पावडर लावलीय का?" मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्सरेसाठी, कपडे बदलायला पाठवण्याआधी मी प्रत्येकीला विचारायचे. त्या दिवशी आलेल्या पन्नाशीच्या ताई "नाही" म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यांनी डिओ लावला होता. प्रश्नच अपुरा होता. घाम रोखणाऱ्या डिओतले ॲल्युमिनियमचे कण एक्सरेवर पांढरे ठिपके होऊन उमटतात, आणि स्तनात साठलेले कॅल्शियमचे बारीक कण हुबेहूब तसेच दिसू शकतात. हल्ली मी विचारते, "काखेत आज काय काय लावलंय?"

फोटो नेहमीचे चार: प्रत्येक बाजूचा एक वरून, एक तिरका. तिरक्यात छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसायला हवा, नाहीतर काखेकडचा भाग सुटतो. त्यासाठी खांदा सैल सोडायला लावून काखेपासून सगळं पुढे ओढून घ्यावं लागतं. मग प्लेटचा दाब. तो काही सेकंदांचाच असतो, पण दुखतं म्हणून फार हलका ठेवला तर आतले पदर एकावर एक येतात, खोटी गाठ दिसते किंवा खरी झाकली जाते, आणि किरणांचा डोसही वाढतो. पाळी चालू असलेल्यांना पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात बोलवावं. तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात.

डाव्या तिरक्या फोटोत काखेत चांदणं पडलं होतं. ओल्या कापडाने पुसून, कोरडं करून फोटो पुन्हा घेतला. चांदणं गेलं. वरच्या बाहेरच्या भागात मात्र सात ठिपके जागचे हलले नाहीत. मघाशी ते त्याच गर्दीत लपले होते, आणि 'डिओच आहे' म्हणून सोडून देणं फार सोपं होतं. वरून घेतलेल्या फोटोतही ते बाहेरच्याच बाजूला होते.

रेडिओलॉजिस्टनी मोठे करून दोन फोटो मागितले, एक वरून आणि एक अगदी नव्वद अंशांत बाजूने. बाजूच्या फोटोचं कारण असं, की निरुपद्रवी गाठोळ्यांमधलं कॅल्शियम कधी कधी द्रवात तरंगतं आणि कपाच्या तळाशी बसावं तसं खाली बसतं. हे बसलं नाही. आकारही एकसारखे नव्हते, तुटक आणि वेडेवाकडे.

"पण हाताला गाठ लागत नाही ना!" ताई म्हणाल्या. अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण हाताला लागणार कसे? सोनोग्राफीतही ते बऱ्याचदा दिसत नाहीत. रिपोर्ट बायरॅड्स ४ आला. बायरॅड्स ही अशा रिपोर्टची ठरलेली श्रेणी, आणि ४ म्हणजे संशय आहे, सुईने तुकडा घ्यायला हवा. ४ म्हणजे निदान नव्हे, हे मी दोनदा सांगितलं, तरी त्यांच्या कानात 'संशय' एवढाच शब्द राहिला असावा. पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आणा, प्रश्न कागदावर लिहून आणा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढं मात्र लिहूनच दिलं.

बायोप्सीला बहीण सोबत होती. त्याच मशीनवर दोन तिरक्या कोनांतून जागा मोजून, भूल देऊन व्हॅक्यूमच्या सुईने तुकडे घेतले. तुकड्यांचा लगेच एक्सरे काढतात. ठिपके तुकड्यांत नसतील तर पॅथॉलॉजीला चुकीची जागा जाते. दोन ठिपके सापडले. जागेवर धातूची बारीकशी क्लिप सोडली आणि दहा मिनिटं दाबून धरलं.

निदान निघालं डीसीआयएस: कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळीच्या आतच, भिंत न ओलांडलेल्या. हाताला काहीच लागत नसल्याने सर्जनला जागा कळावी म्हणून शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही क्लिपपर्यंत तार घातली. दुपारी काढलेला भाग एक्सरेला आला. उरलेले पाच ठिपके, क्लिप आणि तारेचं टोक त्यात होतं. एक ठिपका कडेच्या अगदी जवळ दिसला म्हणून फोन केला, आणि सर्जननी त्या बाजूची आणखी एक चकती काढून घेतली.